२^१२७ − १ ही संख्या मूळ आहे हे कशावरून, आणि मूळ असणे पुरेसे आहे का?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. २ चा १२७ वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की येणारी संख्या मूळ आहे, असे तुम्हाला वर्गात सांगितले गेले. पडताळा म्हणून तुम्ही क्रमाने भाग देत जाणारा प्रोग्राम लिहिला आणि तो रात्रभर चालूनही संपला नाही. मग २ हा पाया धरून फर्माची कसोटी लावली, म्हणजे २ चा ‘ती संख्या उणे १’ इतका घात घेऊन त्याच संख्येने भागल्यावर बाकी १ उरते का ते पाहिले. त्या कसोटीत ही संख्या उत्तीर्ण झाली खरी, पण २०४७ ही संयुक्त संख्याही उत्तीर्ण झाली. म्हणून तुम्ही विचारता की ही संख्या मूळ आहे हे खात्रीने कसे कळते, तिचे आणखी कोणते गुणधर्म आहेत, आणि एवढी मोठी मूळ संख्या हाताशी असताना कूटलेखनात किल्लीची देवाणघेवाण करायला ती सरळ वापरता येईल का.

मी नवी मुंबईत, महाप्याला, आर्थिक व्यवहारांच्या सुरक्षेचे सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम करतो, आणि नव्याने रुजू होणारे अभियंते बहुतेक वेळा नेमके इथेच अडखळतात. तुमचे तिन्ही प्रश्न वेगळे वाटले तरी त्यांची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात. मोठ्या मूळ संख्येबद्दल जे कळते ते तिच्या आत शोधून कळत नाही, कारण तिला फोडायला आत काही नसतेच. ते तिच्या दोन शेजाऱ्यांकडून कळते, म्हणजे तिच्या लगेच अलीकडच्या आणि लगेच पलीकडच्या संख्येच्या अवयवांवरून. पुढे या संख्येला मी ‘म’ म्हणतो.

म पूर्ण लिहिली तर अशी दिसते : १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. तिचे वर्गमूळ सुमारे १.३ × १०^१९ आहे. सेकंदाला शंभर कोटी भागाकार करणारे यंत्र घेतले तरी तिथपर्यंत पोचायला चारशेहून अधिक वर्षे लागतील, आणि फक्त विषम संख्यांनी भाग द्यायचे ठरवले तरी दोनशे. तेव्हा तुमच्या प्रोग्राममध्ये काही चूक नव्हती. तो मार्गच इतका लांब आहे.

थोडा विचार केला तर हा मार्ग बराच आखूड होतो. समजा, क ही मूळ संख्या म ला नि:शेष भागते. मग २^१२७ ला क ने भागल्यावर बाकी १ उरते. २ च्या ज्या सर्वांत लहान घाताला बाकी १ येते त्याने १२७ ला भाग गेला पाहिजे, आणि १२७ स्वतः मूळ असल्यामुळे तो घात १२७ च असतो. फर्माच्या प्रमेयानुसार २ च्या (क − १) व्या घातालाही बाकी १ येते, म्हणून (क − १) ला १२७ ने भाग जातो. क विषम आहे, त्यामुळे (क − १) ला २५४ नेही भाग जातो. शिवाय २^१२८ ची बाकी २ येते, म्हणजे २^६४ चा वर्ग क च्या बाकींच्या गणितात (दर वेळी क ने भागून फक्त बाकी ठेवायची, या गणितात) २ होतो. आणि २ हा वर्ग असणे फक्त त्याच मूळ संख्यांच्या बाबतीत शक्य असते ज्यांना ८ ने भागल्यावर १ किंवा ७ उरतात. या दोन चाळण्या लावल्या की गाळ किती निघतो ते पाहा. ५०९ मूळ आहे आणि ५०८ ला २५४ ने भागही जातो, पण ५०९ ला ८ ने भागल्यावर ५ उरतात, म्हणून ती बाद. २५५, १०१७, १२७१ आणि २०३३ दोन्ही चाळण्यांतून सुटतात, पण त्या संयुक्त आहेत. म ला भाग देऊन पाहण्याजोगी पहिली मूळ संख्या थेट २२८७ आहे! चारशे वर्षांचे काम असे सुमारे दहा महिन्यांवर येते. सुधारणा मोठी आहे, तरी एका संख्येसाठी दहा महिने कोणी देणार नाही.

आता फर्माची कसोटी. ती २०४७ च्या बाबतीत का फसली हे समजणे आवश्यक आहे, कारण हा अपघात नाही. २०४७ म्हणजे २^११ − १, आणि तिचे अवयव २३ व ८९ आहेत. दोन्हींतून १ वजा केला की ११ ने भाग जातो, हे वरच्या नियमाला धरूनच आहे. २^११ ला २०४७ ने भागल्यावर बाकी १ येते, आणि २०४६ हा ११ चा १८६ पट आहे, म्हणून २^२०४६ ची बाकीही १ येणारच. घातांक विषम मूळ असला की या घडणीची प्रत्येक संख्या, मूळ असो वा संयुक्त, २ या पायावर उत्तीर्ण होते. ज्या २ पासून संख्या घडवली त्याच २ ला तिच्याबद्दल साक्ष विचारण्यात अर्थ नाही. पाया ३ घेतला असता तर ३^२०४६ ला २०४७ ने भागल्यावर १०१३ उरले असते आणि २०४७ तिथेच संयुक्त ठरली असती. मात्र म ३ च्या पायावरही उत्तीर्ण झाली तरी तो मूळ असल्याचा पुरावा होत नाही. उत्तीर्ण होणाऱ्या संयुक्त संख्या विरळ असल्या तरी असतात.

खरा पुरावा पलीकडच्या शेजाऱ्याकडून मिळतो. म + १ म्हणजे २^१२७, आणि तिचे सर्व अवयव न शोधताच माहीत आहेत : फक्त २. फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी याच गोष्टीचा आधार घेऊन १८७६ मध्ये हाताने आकडेमोड करून म मूळ असल्याचे दाखवले. (हनोईच्या मनोऱ्याचे कोडे काढणारे हेच ते ल्युका, त्या कोड्यातही न चकत्यांना २^न − १ चाली लागतात.) अमेरिकी गणिती डेरिक लेमर यांनी १९३० मध्ये या पद्धतीला आजचे रूप दिले. ४ पासून सुरुवात करायची, दर पायरीला हातातल्या संख्येचा वर्ग करून २ वजा करायचे, आणि २^न − १ ने भागल्यावरची बाकी तेवढी पुढे न्यायची. घातांक न हा विषम मूळ असेल, तर न − २ पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली म्हणजे संख्या मूळ. नाही आली तर संयुक्त. मधले उत्तर नाही.

हे १२७ या छोट्या संख्येवर करून पाहू. १२७ = २^७ − १, म्हणून पायऱ्या पाच. ४ चा वर्ग १६, वजा २, म्हणजे १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, म्हणजे १९४; त्याची बाकी ६७. ६७ चा वर्ग ४४८९, वजा २, म्हणजे ४४८७. इथे भागाकार करण्याची गरजच नाही. ४४८७ मध्ये १२८ पस्तीस वेळा जातात आणि ७ उरतात. ३५ आणि ७ ची बेरीज ४२, तीच १२७ ने भागल्यावरची बाकी. बेरजेला नऊने ताळा पाहताना आपण अंकांची बेरीज करतो ना, तीच ही रीत : तिथे ९ हे १० हून एकने कमी, इथे १२७ हे १२८ हून एकने कमी. पुढे ४२ चा वर्ग वजा २ म्हणजे १७६२, त्यात १२८ तेरा वेळा, उरले ९८, बेरीज १११. १११ चा वर्ग वजा २ म्हणजे १२३१९. त्यात १२८ शहाण्णव वेळा, उरले ३१. बेरीज १२७, म्हणजेच शून्य. पाचव्या पायरीला शून्य आले, १२७ मूळ आहे. हेच २०४७ ला नऊ पायऱ्या करून पाहा, शेवटी १७३६ उरतात. आणि म साठी पायऱ्या फक्त १२५ आहेत. पायथनमध्ये हा प्रोग्राम चार-पाच ओळींचा होतो आणि साध्या लॅपटॉपवर डोळ्याचे पाते लवण्याआधी संपतो.

शून्य आले म्हणजे मूळ, हे का, तेही सांगतो, कारण सिद्धता लहान आहे आणि शेजाऱ्याची भूमिका तिच्यातच उघड दिसते. २ + √३ याला ‘अ’ म्हणा आणि २ − √३ याला ‘आ’ म्हणा. दोघांचा गुणाकार १ आणि बेरीज ४ येते. बेरजेचा वर्ग करून २ वजा केले की अ च्या वर्गाची आणि आ च्या वर्गाची बेरीज मिळते. म्हणजे दर पायरीला दोघांचा घात दुप्पट होतो. १२५ व्या पायरीला बेरीज शून्य झाली, तर तिला अ च्या २^१२५ व्या घाताने गुणून असे मिळते की अ चा २^१२६ वा घात −१ आणि २^१२७ वा घात +१ आहे. याचा अर्थ असा की १ वर परत येण्यासाठी अ ला नेमका २^१२७ इतका घात लागतो, त्याहून कमी चालत नाही. आता म संयुक्त आहे असे धरा. मग तिचा एखादा मूळ अवयव क असा असेल की ज्याचा वर्ग म पेक्षा मोठा नाही. क च्या बाकींच्या गणितात ‘पूर्णांक + पूर्णांक × √३’ या रूपाच्या वेगवेगळ्या संख्या क^२ इतक्याच असतात. त्यांतल्या शून्येतर संख्या क^२ − १, म्हणजे म पेक्षा कमीच. अ चे घात मात्र १ वर परत येण्याआधी २^१२७, म्हणजे म + १ वेगवेगळ्या संख्यांमधून जातात. तेवढ्या संख्या तिथे नाहीतच. म्हणून असा क असू शकत नाही.

या सिद्धतेत म चा एकही अवयव शोधलेला नाही, आणि नेमकी हीच गोष्ट अनेकांना पटायला जड जाते. इतिहासात याचे चांगले उदाहरण आहे. २^न − १ या घडणीच्या संख्या ज्यांच्या नावाने ओळखल्या जातात त्या मेर्सेन यांनी, अशी संख्या ज्यांना मूळ येते त्या २५७ पर्यंतच्या घातांकांची यादी १६४४ मध्ये दिली, आणि त्यात ६७ होता. ल्युका यांनी २^६७ − १ संयुक्त असल्याचे दाखवले, पण अवयव सांगितले नाहीत, कारण त्यांच्या पद्धतीतून ते मिळतच नाहीत. अवयव मिळाले १९०३ मध्ये, फ्रँक कोल यांना : १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. संख्या संयुक्त आहे हे कळणे आणि ती फोडता येणे यांत केवढे अंतर आहे ते इथे दिसते, आणि आजच्या कूटलेखनाचा मोठा भाग याच अंतरावर उभा आहे.

ल्युका यांच्यानंतर पाऊणशे वर्षे म हीच ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या राहिली. १९५१ मध्ये हा मान तिच्याकडून गेला, आणि त्याच वर्षी मिलर व व्हीलर यांनी केंब्रिजच्या एड्सॅक संगणकावर १८० × म^२ + १ ही ७९ अंकी मूळ संख्या सिद्ध केली. ही संख्या अशी विचित्र का निवडली असेल? तिच्यातून १ वजा करा : १८० × म^२ उरते, आणि त्याचे सगळे अवयव आधीच माहीत आहेत. पलीकडचा शेजारी उघडा असला की ल्युका-लेमर कसोटी चालते. अलीकडचा उघडा असला की फर्माच्या कसोटीचे बळकट रूप वापरून तितकाच पक्का पुरावा देता येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्या, २^१३६२७९८४१ − १, हीसुद्धा मेर्सेन यांच्याच घडणीची आहे, ती याच सोयीमुळे.

आता इतर गुणधर्म. द्विमान पद्धतीत म म्हणजे ओळीने १२७ एकक. सर्व अंक १ असलेल्या संख्यांची आवड आपल्याकडे द. रा. कापरेकर यांना होती. त्यांचे शालेय शिक्षण ठाण्यातच झाले, आणि जी.आय.पी. रेल्वेवरच्या डेमलो स्थानकाच्या नावावरून त्यांनी ज्या संख्यांना डेमलो संख्या म्हटले त्यांत १११ चा वर्ग १२३२१ सारख्या संख्या येतात. म ला २^१२६ ने गुणले की ७७ अंकी परिपूर्ण संख्या मिळते. युक्लिडपासून माहीत असलेल्या नियमाचाच हा भाग आहे. २ पासून सुरुवात करून दर वेळी ‘२ चा तेवढा घात उणे १’ केले तर ३, ७, १२७ आणि मग म अशी साखळी लागते, आणि पाचही संख्या मूळ आहेत. पुढची संख्या, २^म − १, मूळ आहे का हे आज कोणालाही माहीत नाही. तिच्या अंकांची संख्याच सुमारे ५ × १०^३७ असल्यामुळे कोणतीही कसोटी तिच्यावर चालवता येत नाही.

कामात सर्वाधिक उपयोगी पडणारा गुणधर्म वर्गमुळाचा आहे. म ला ४ ने भागल्यावर ३ उरतात. अशा मूळ संख्येच्या बाकींच्या गणितात एखाद्या संख्येला वर्गमूळ असेल, तर ते तिचा (म + १)/४ वा घात घेऊन मिळते. इथे (म + १)/४ म्हणजे २^१२५. म्हणजे वर्गमूळ काढायचे तर १२५ वेळा वर्ग करायचा, बस! १२७ मध्ये पाहा : २ चा ३२ वा घात घ्या. २^७ ची बाकी १, म्हणून २^३२ ची बाकी २^४ इतकीच, म्हणजे १६. आणि १६ चा वर्ग २५६, त्याची बाकी २. शिवाय दर वेळी भागाकाराऐवजी ती वरचीच बेरीज करायची असते, आणि १२७ बिटांची संख्या ६४ बिटांच्या दोन घरांत मावते. यंत्राला याहून सोयीची मूळ संख्या क्वचितच मिळेल.

तुमचा तिसरा प्रश्न या सोयीमुळेच अवघड होतो, आणि इथे मी स्पष्ट बोलतो : किल्लीच्या देवाणघेवाणीसाठी म सरळ वापरू नका. संख्या लहान आहे हे एक कारण झाले; पण ती याच घडणीची आणि कितीही मोठी असती तरी मी आधी अलीकडच्या शेजाऱ्याची चौकशी केली असती. म − १ चे अवयव असे आहेत : २ × ३^३ × ७^२ × १९ × ४३ × ७३ × १२७ × ३३७ × ५४१९ × ९२७३७ × ६४९६५७ × ७७१५८६७३९२९. सर्वांत मोठा अवयव अवघा ११ अंकी आहे. किल्लीची सुरक्षा ज्यावर टेकलेली असते तो प्रश्न असा : पाया आणि त्याच्या घाताची बाकी दिली आहे, घातांक शोधा. म − १ असा बारीक तुकड्यांत फुटत असेल, तर पोहलिग आणि हेलमन यांच्या पद्धतीने हा प्रश्न प्रत्येक तुकड्यापुरता वेगळा सोडवून उत्तरे जोडता येतात. सर्वांत अवघड तुकड्याला त्याच्या वर्गमुळाइतके, म्हणजे पावणेतीन लाखांच्या आसपास टप्पे लागतात. ३९ अंकी किल्ली, आणि ती एका लॅपटॉपवर काही क्षणांत उघडते. त्यातही कोणी २ हाच पाया घेतला तर बोलायलाच नको : २ चे घात म च्या गणितात १२७ पायऱ्यांनी १ वर परत येतात, म्हणजे शक्य बाकी १२७ च.

म्हणून किल्लीसाठी मूळ संख्या निवडताना ती किमान २०४८ बिटांची घेतात आणि तिच्यातून १ वजा करून निम्मे केले तर उरणारी संख्याही मूळच असावी, असा आग्रह धरतात. शेजाऱ्याला मुद्दाम न फुटणारा निवडायचे, असा हा प्रकार आहे. ‘मूळ संख्या आहे, मोठी आहे’ एवढ्यावर कोणी प्रणाली मंजूर करायला आणली, तर मी पहिल्यांदा त्या संख्येतून १ वजा करून येणाऱ्या संख्येचे अवयव मागतो, आणि तुम्हीही ती सवय आतापासून लावून घ्यावी असे मला मनापासून वाटते.

याचा अर्थ म कूटलेखनात निरुपयोगी आहे असा नाही. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या कॉस्टेलो आणि लाँगा यांनी २०१५ मध्ये फोरक्यू नावाचा लंबवर्तुळी वक्र (ज्याच्या बिंदूंच्या बेरजेवर कूटलेखन चालते असा) मांडला, आणि त्याचे सगळे गणित म वरच, तिच्या बाकींच्या जोड्यांवर चालते. तिथे सुरक्षा म − १ वर टेकलेली नाही. ती वक्रावरच्या बिंदूंच्या संख्येवर टेकलेली आहे, आणि त्या संख्येचा एक अवयव २४६ बिटांची मूळ संख्या आहे. बेरजेने बाकी काढण्याची सोय तशीच राहते, फुटकळ अवयवांचा धोका मात्र जातो.

सरावासाठी ८१९१, म्हणजे २^१३ − १, कागदावर करून पाहा. अकरा पायऱ्या आहेत आणि दर पायरीला ८१९२ ची ती बेरीज पुरते. शेवटून दुसरी बाकी १२८ येईल. हा योगायोग नाही : पुढच्या पायरीला शून्य यायचे तर त्या बाकीचा वर्ग २ व्हायला हवा, आणि मूळ संख्येच्या गणितात २ ला दोनच वर्गमुळे असतात. वर १२७ च्या वेळी त्या जागी १११ आले होते, ते म्हणजे −१६. म च्या बाबतीत १२४ व्या पायरीला २^६४ किंवा −२^६४ यांपैकी एक आलेच पाहिजे. कोणते येते ते तुमच्या प्रोग्राममध्ये तेवढी एक बाकी छापून पाहा. दोन्हींपैकी काहीच आले नाही, तर चूक गणितात नसून वर्ग करण्याच्या ओळीत आहे असे समजा.